फोल्डिंगच्या दाराची निगा: आधी ट्रॅक, मग काच

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचं काम आहे. गंगापूर रोडचे बंगले, मखमलाबादकडची रो-हाउसं, धरणाच्या बाजूची फार्महाउसं, सगळीकडे हॉल आणि अंगणाच्या मध्ये फोल्डिंगचं दार आता हौसेनं बसवून घेतात. दार बसतं, हिशोब होतो. पण ते पुसायचं कशानं, वंगण कुठं द्यायचं आणि कुठं अजिबात द्यायचं नाही, हे घरातल्यांना कुणी सांगत नाही. तक्रार आली म्हणून जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी दारात खोट नसते. खालच्या ट्रॅकमध्ये काय साचलंय आणि त्यावर काय ओतलंय, तिथंच दुखणं सापडतं. म्हणून काच कितीही मळलेली दिसो, सुरुवात ट्रॅकपासून करा.

त्याहीआधी झडपेचं, म्हणजे दाराच्या एका दुमडत्या फळीचं, वजन समजून घ्या. काचेचं गणित सोपं आहे: एक चौरस मीटर काचेला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. अडीच फूट रुंद, सात फूट उंच झडपेला ८ मिलिमीटरची काच असेल तर नुसती काचच ३२ किलोच्या आसपास भरते, सेक्शन (काचेभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या) आणि बिजागऱ्या वेगळ्या. अशा तीन-चार झडपा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक ढकलली की बाकीच्या हलतात. दुमडताना बिजागरीकडची फट मिटत जाते आणि बोट नेमकं तिथंच सापडतं. दार हलवताना हात फक्त हँडलवर ठेवा, झडपेच्या कडेला धरू नका. साफसफाई चालू असेपर्यंत लहान मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा. दार अर्धवट दुमडून कामाला लागू नका. एक तर पूर्ण बंद करून कड्या लावा, नाहीतर पूर्ण दुमडून कॅचमध्ये अडकवा. जून-जुलैत पश्चिमेकडून वारा सुटला की अर्धवट सोडलेली झडप एका झटक्यात भिंतीवर आदळते. वरच्या मजल्यावर असाल तर बाहेरची काच पुसायला रेलिंगवर चढू नका आणि स्टुलावरून बाहेर वाकूही नका. लांब दांड्याचा वायपर घ्या. हात पोचत नसेल तेवढी काच मळलेली राहू द्या.

आता ट्रॅक. पहिला हात कोरडाच. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर चपटं तोंड लावून माती ओढून घ्या. नसेल तर रंगाचा एक इंची जुना ब्रश आणि सुपली पुरते. कोपऱ्यातला गाळ खराट्याच्या काडीनं उकरा. कोरडी माती काढायच्या आधी पाणी मारलं की तिचा चिखल होतो, तो रोलरखाली (दाराच्या छोट्या चाकांखाली) जाऊन वाळतो आणि मग दार खरखरत चालतं. माळी अंगण धुताना पाइप थेट दारावर धरतो, तेही थांबवा. प्रेशर वॉशर तर नकोच. त्या दाबानं पाणी रबराच्या मागे शिरतं.

ट्रॅक स्वच्छ झाला की पाणी निचरायची भोकं शोधा. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, खाली, लांबट चिरा असतात. त्यांच्याकडे घरातलं कुणी बघतच नाही, पण पावसाळ्यात दार टिकतं ते त्यांच्या जोरावर. ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते या चिरांतून बाहेर पडावं, अशीच रचना असते. उन्हाळ्यात कुंभारीण या चिरांमध्ये मातीचं घर करते. बाहेरून बोटाच्या पेराएवढा मातीचा गोळा दिसतो, आत चीर पूर्ण बंद. तो ओला करून काडीनं हलकेच काढा. सळई किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, आतलं प्लास्टिकचं झाकण तुटतं. काही घरांत तर पाणी आत येतं म्हणून या चिरा सिलिकॉन भरून बुजवलेल्या असतात, आणि मग खरोखरच पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये येतं. चिरा मोकळ्या केल्यावर तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये हळू ओता आणि कुणाला तरी बाहेर उभं करा. बाहेर धार दिसली की काम झालं. हे मे महिन्यातच करून घ्या.

वंगणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दारांचं सगळ्यात जास्त नुकसान माया म्हणून घातलेल्या तेलानं होतं. मखमलाबादला एका काकूंकडे दार जागचं हलेना म्हणून गेलो. काकू म्हणाल्या, "अहो भाऊ, मी तर दर आठवड्याला खोबरेल घालते." ट्रॅकमध्ये बोट फिरवलं तर काजळासारखा काळा, चिकट थर. त्यात खडीची कच, केस, कबुतराचं पीस, आणि रोलर त्या थरात रुतलेला. तेलाला धूळ चिकटते, नाशकात धुळीला तोटा नाही, आणि त्या दोन्हींचं मिळून जे तयार होतं ते रोलरला पॉलिश पेपरसारखं घासतं. त्या ट्रॅकला औषध काहीच लागलं नाही, साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरला.

तेव्हा खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको, ग्रीस तर नकोच. स्वच्छ, कोरड्या ट्रॅकवर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात द्या आणि जास्तीचा फडक्यानं टिपून घ्या. गंज सोडवायचा पातळ स्प्रे वेगळा. तो बेअरिंगमधलं मूळ ग्रीस धुऊन टाकतो, म्हणून रोलरवर मारू नका. सिलिकॉन स्प्रे मारताना दोन गोष्टी पाळा. तो पेट घेतो, त्यामुळे शेजारी देवघरात समई तेवत असेल तर ती शांत होईपर्यंत थांबा. आणि फरशीवर त्याचे तुषार उडाले तर लगेच साबणाच्या पाण्यानं पुसा. ती फरशी अशी निसरडी होते की घरातलं म्हातारं माणूस हमखास पडेल. फडक्यावर मारून ते फडकं फिरवणं सगळ्यात बरं.

फटी बंद करणारी काळी रबरं बहुतेक ईपीडीएमची, म्हणजे एका कृत्रिम रबराची असतात. त्यांना रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की ती फुगतात आणि खाचेतून बाहेर येतात. ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, सिलिकॉनचं फडकं फिरवलं की झालं. किल्लीच्या भोकात तेल सोडू नका, तिथं ग्रॅफाइट पावडर चालते.

चौकट आणि काच धुणं हे त्यामानानं सोपं काम. सकाळी, काच तापायच्या आत करा, नाहीतर साबण जागेवरच वाळून डाग पडतात. बादलीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, मऊ फडकं, वरून खाली, मग स्वच्छ पाणी, मग वायपर. तारेची घासणी, थिनर, घासायची पावडर यांनी पावडर कोटिंगची (ॲल्युमिनियमवरच्या रंगाच्या थराची) चमक कायमची जाते. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या. पांढरे डाग पडलेलेच असतील तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी फडक्यावर घेऊन फक्त काचेवर फिरवा आणि लगेच धुवा. उंबरा कोट्याचा, शहाबादीचा किंवा संगमरवरी असेल तर त्यावर जुनं टॉवेल अंथरून ठेवा. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, व्हिनेगरनं त्यांचा पृष्ठभाग खरखरीत होतो. काचेवरचे रंगाचे थेंब ब्लेडनं खरवडायचा मोह आवरा. टफन (तापवून कणखर केलेल्या) काचेवर बारीक चरे पडतात आणि ते नंतर निघत नाहीत.

नवीन घर घेतलेल्यांना हात जोडून सांगतो: गवंडी शेवटी फरशी ॲसिडनं धुतो, त्या दिवशी तिथं हजर राहा. ॲल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि चुना-सिमेंटही चालत नाही. ॲसिडच्या नुसत्या वाफेनं स्टेनलेस स्टीलच्या रोलरवर तांबूस टिपके येतात. दार आधी प्लास्टिकनं झाका, नंतर भरपूर पाण्यानं धुवा. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र तर कधीच करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

एप्रिलच्या दुपारी दार घट्ट चालायला लागलं तर लगेच पाना घेऊन बसू नका. चार मीटर ॲल्युमिनियम ३० अंश जास्त तापलं की जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी सहज एवढा फरक पडतो. सकाळी गार असताना चालवून बघा. सकाळी नीट चालत असेल तर बिघाड नाही. सागवानी दाराचंही तसंच: पावसात फुगलं म्हणून रंधा मारून घेऊ नका, दिवाळीनंतर सुकलं की तिथं फट पडते.

वेळापत्रक म्हणाल तर मे महिन्यात एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा पूर्ण सफाई. मध्ये पंधरवड्यानं ट्रॅकची नुसती कोरडी झाडलोट. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत. घर त्या रस्त्याला लागून असेल तर आठवड्याला झाडा.

काही गोष्टींना मात्र घरच्यांनी हात लावू नये. वरच्या ट्रॅकमधला रोलरचा बोल्ट त्यातली पहिली. बऱ्याच दारांचं सगळं वजन त्याच बोल्टवर टांगलेलं असतं. झडप एका बाजूला उतरून खाली घासायला लागली, बिजागरीचा स्क्रू फिरतोय पण आवळत नाही, किंवा कडी वरच्या भोकात बसत नाही, तर दार बंद करून ठेवा आणि बसवणाऱ्याला बोलवा. टफन काचेच्या कडेचा टवका उडालेला दिसला तर ती झडप त्या दिवसापासून हलवायची नाही. अशी काच कधीही फुटून तिचा चुरा होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप लावा, जवळून ये-जा बंद करा आणि काच बदलून घ्या.