पुरणपोळी खा, पण आधी उसळ वाढून घ्या

पाळी जायच्या वयात वजन वाढलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते, मग गोडावर. सणाला एक पुरणपोळी खाल्ली की दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून नुसतं ताक! कशाला? उपाशी राहून स्नायू झिजतात, आणि संध्याकाळी फरसाणाच्या डब्यात हात जातोच.

काय वगळायचं यापेक्षा काय वाढायचं ते बघा. या वयात इस्ट्रोजेन हा बायकांचा हार्मोन घटला की हाडं झपाट्याने झिजतात. म्हणून पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यावं, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं. नाचणीची भाकरी, वाटीभर दही, भाजीवर तिळाचं कूट, दोन्ही जेवणांत मटकीची उसळ, अंडं किंवा मासे. एवढं ताटात आलं की भात आपोआप बेताचा होतो. पुरणपोळी मात्र तुपासकट आणि बसून खा, ओट्याशी उभ्याने तुकडे मोडत नको. (मधुमेह असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारा.)

रात्री घामाने जाग येते? संध्याकाळचा चहा आणि झणझणीत रस्सा दोन आठवडे थांबवून बघा. फरक पडला नाही, तर खुशाल परत सुरू करा.