बेरिंग सारखं जातंय? आधी पट्टा बघा

खानापूरकडच्या भात गिरणीत काय, निपाणी-चिकोडीच्या पिठाच्या गिरणीत काय, मोटरचं पुलीकडचं बेरिंग वर्षा-दीड वर्षात खरखरायला लागलं की पहिला शिक्का बसतो 'डुप्लिकेट माला'चा. कधीकधी ते खरंही असतं. पण बेरिंगवर किती ओढ पडतेय, हे आधी तपासा.

बॉल बेरिंगवरचा लोड दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. रोलर बेरिंगचं तर दहावा हिस्सा. ५ एच.पी., मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरला बहुधा ६२०६ नंबरचं बॉल बेरिंग असतं. त्याची डायनॅमिक क्षमता (ज्या लोडला ते दहा लाख फेरे टिकतं तो लोड) १९.५ किलोन्यूटनच्या आसपास. १०० मिमीच्या पुलीवर पट्टा बेताचा ताणलेला असेल, तर त्या बेरिंगवर साधारण १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोची ओढ येते. आयुष्य काढायला क्षमतेला ओढीने भागून घन करायचा: १९.५ भागिले १.५ म्हणजे १३. १३ चा घन २१९७, इतके दशलक्ष फेरे. तासांत सुमारे २५,४००. रोज आठ तास चालवली तर साडेआठ वर्षं. पट्टा आवळून ओढ ३ किलोन्यूटनवर नेली की उरतात ३,१८० तास, जेमतेम तेरा महिने. (हा आकडा हमीचा नव्हे, शंभरातली नव्वद बेरिंगं तो गाठतात, दहा आधीच जातात.)

पट्टा आवळला जातो तो बहुतेकदा घसरतो म्हणून. तेव्हा पुलीच्या खोबणीत बॅटरी मारून बघा. तळ चकाकत असेल तर व्ही पट्टा बाजूंवर न बसता तळाला टेकतोय. मग कितीही ताणा, पकड येत नाही, बेरिंग मात्र मरतं. पुली बदला. ताण तपासायला दोन पुलींमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर स्प्रिंग काटा लावा. पट्ट्याच्या तक्त्यात दिलेल्या जोराने दर १०० मिमी लांबीला १.६ मिमी दबला पाहिजे. ५०० मिमीला ८ मिमी. नवा पट्टा पहिल्याच दिवशी सैल पडतो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा. आधीच जास्त ताणून ठेवायचा नाही.

पुली शाफ्टच्या टोकाला नको, आत सरकवा. दोन बेरिंगांत २०० मिमी अंतर असेल आणि पुली बेरिंगपासून ६० ऐवजी १०० मिमी बाहेर बसली, तर आयुष्य तिसऱ्या हिश्श्याने घटतं.

काढलेलं बेरिंग भंगारात टाकण्याआधी फोडा. बाहेरच्या रिंगेत एकाच बाजूला खवले निघालेत, तर लोड जास्त. बॉल फिरून पडलेली वाट तिरकी गेलीय, तर शाफ्ट किंवा घर (कव्हरमधली बेरिंग बसायची जागा) सरळ रेषेत नाही. वाट एका कडेला चढलीय, तर बाजूचा दाब आहे. समोरासमोर दोन खुणा दिसल्या, तर घर अंडाकृती झालंय. बॉलच्या अंतरावर खळगे दिसले, तर बसवताना ठोकलंय.

घर सैल झालं की आत पंचने ठोकून टोकं उठवून बेरिंग घट्ट करायची सवय वाईट. त्या टोकांवरच दाब येऊन रिंग वाकते. मोटरचं कव्हर बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये नेऊन बुश (आतून बसवायची धातूची नळी) बसवा आणि मापात बोअर करून घ्या.

बसवताना पाइप फक्त आतल्या रिंगेवर टेकवा. बाहेरच्या रिंगेवर मारलेला घाव बॉलमधून जातो. त्यापेक्षा बेरिंग तेलात ११० अंशांपर्यंत तापवा, हाताने सरकतं. गॅस टॉर्च नको. सीलबंद बेरिंग मात्र तेलात घालू नका, इंडक्शन हीटर वापरा. उघड्या ६२०६ ला पुन्हा ग्रीस देताना ५ ग्रॅम पुरे. ठासून भरलं तर तेच घुसळून तापतं.

पावसाळ्यात गिरणी बंद असली तरी आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने दोन-चार फेरे फिरवा आणि पट्टा उतरवून ठेवा. नाहीतर ओढ महिनोन्महिने त्याच दोन-तीन बॉलांवर राहते आणि गंजही तिथेच धरतो.