रोपवाटिकेतील चिलटे आणि पाण्याची पाळी

कृषी पदविका संपवून मी जालना जिल्ह्यातील एका शेडनेट रोपवाटिकेत कामाला लागलो, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात प्रो-ट्रेवर, म्हणजे रोपे वाढवायच्या खाचांच्या ट्रेवर, पाणी मारले की काळसर, नाजूक चिलटे उठत असत. फळांवर बसतात तसलीच ही असतील, असे समजून मी दुर्लक्ष केले. पुढे फुलकोबीची रोपे भरदुपारी माना टाकू लागली, तेव्हा पाणी कमी पडत असावे असे वाटून मी झारीची आणखी एक पाळी वाढवली. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे जास्त पाण्याने रोप मरेल हे मनातच येत नाही.

ती चिलटे म्हणजे बुरशीमाशी. माशी स्वतः रोप खात नाही. ट्रेमध्ये भरलेल्या ओल्या कोकोपीटात (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ती शंभर-दोनशे अंडी घालते आणि काळ्या चकचकीत डोक्याच्या, काचेसारख्या पांढुरक्या अळ्या बुरशीबरोबर कोवळी मुळेही कुरतडतात. त्या जखमांतून पिथियमसारखी बुरशी आत शिरते, म्हणून पुष्कळदा दोष केवळ मर रोगावर जातो. ओळखायचे असल्यास कच्च्या बटाट्याची चकती कोकोपीटावर दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्या असतील तर त्या चकतीखाली जमलेल्या दिसतात.

औषधाच्या बाबतीतही मी फसलो. दुकानदाराने दिलेले बीटी हे जिवाणूजन्य कीडनाशक कुर्स्टाकी प्रकारचे, म्हणजे पतंगवर्गीय अळ्यांवरचे होते. माशीच्या अळीला इस्रायलेन्सिस हाच प्रकार लागतो, जो आपल्याकडे डासांच्या अळ्यांसाठी वापरतात. तो अळीच्या पोटात गेला तरच काम करतो, उडणाऱ्या माशीवर त्याचा परिणाम होत नाही आणि आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतणे, आठवड्याच्या अंतराने पुन्हा करावी लागते. स्टायनरनेमा फेल्टी हे अळ्या मारणारे सूक्ष्म सूत्रकृमीही उपयोगी आहेत, मात्र ते जिवंत असल्याने उन्हात ठेवलेले पाकीट वाया जाते. पिवळे चिकट सापळे माशी मोजण्यासाठी लावावेत. त्यांनीच बंदोबस्त होईल या भरवशावर राहू नये.

खरा फरक पडला तो पाण्याने. ट्रे हातात उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी द्यायचे नाही आणि संध्याकाळची पाळी बंद, एवढे पाळले. शेतात आपण वाफसा, म्हणजे चिखल नाही आणि कोरडेही नाही अशी ओल, पाहतो, तोच इथे बोटाने पाहायचा. घरच्या तुळशीच्या कुंडीलाही हेच लागू आहे, फक्त तिच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. अंड्यापासून माशी व्हायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे सापळा आठवडाभर रिकामा दिसला म्हणून मोजणी सोडू नये.

आमच्याकडे सर्वत्र माशा घटल्या, तरी एका कोपऱ्यातील सापळा भरतच राहिला. शेवटी बाकाखाली वाकून पाहिले, तर ठिबकच्या नळीचा जोड गळत होता आणि त्याखालच्या मातीवर हिरवे शेवाळ धरले होते.