घरच्या ट्रिमरवर लाकडी आगगाडीचे रूळ

बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर फाटक पडलं की मोठी माणसं घड्याळ बघतात आणि गाडीवर पुढं बसलेली पोरं खूश होतात. लोंढ्याकडं जाणाऱ्या मालगाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत माझी लेक तिथून हलत नाही. तिच्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मी लाकडी रूळ करायला घेतले. पहिले वीस तुकडे वाया गेले. खाचेकडं लक्ष दिलं, पट्टीच्या रुंदीकडं दिलं नाही.

विकतच्या बहुतेक लाकडी गाड्या एकाच मापाच्या रुळावर चालतात. रूळ ४० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड. वर ६ मिमी रुंद, ३ मिमी खोल अशा दोन खाचा, त्यांच्यामध्ये २० मिमी लाकूड, आणि दोन्ही कडांना ४ मिमीची भिंत. आपले सुतार चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडी, दोन सूत खाच, एक सूत खोली असं चटकन म्हणतील. लक्षात ठेवायला ते छान, पण कापताना मिमीच धरा. घरात विकतचा एखादा रूळ असेल तर त्याचंच माप घ्या.

ती ४ मिमीची भिंतच लाकूड ठरवते. सावंतवाडीची खेळणी परंपरेनं पांगाऱ्याची. ते लाकूड कोरायला लोण्यासारखं, पण रुळाची एवढीशी भिंत त्यात टिकणार नाही. परदेशात बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. आपल्याकडं शिवण उत्तम: हलकं, सरळ रेषांचं, वाळल्यावर फारसं वाकत नाही. खानापूरकडच्या जुन्या घरांचं फणसाचं लाकूड मिळालं तर तेही घ्या, फक्त आत खिळे राहिलेत का ते नीट तपासा. वखारीतून १२ मिमीला रंधून आणलेल्या फळ्या आठवडाभर घरात ठेवा, मगच कापा.

आता पट्ट्या. फळीतून कापलेली प्रत्येक पट्टी ४० मिमी रुंद, आणि दोन्ही टोकांना तेवढीच. माझी चूक सुधारणारे शेजारचे सुतारकाका म्हणाले होते, "पट्टी सरळ नसंल तर रूळ कुठला सरळ येतोय रे?" कारण असं. पहिली खाच पट्टीच्या एका कडेपासून मोजून पडते, दुसरी दुसऱ्या कडेपासून. पट्टी ४१ मिमी झाली की खाचांमधलं अंतर २१ होतं आणि चाकं अडकतात. उलट पट्टी अचूक असेल तर गाईडपट्टी, म्हणजे जिला टेकवून पट्टी सरकवायची ती सरळ काठी, एकदाच लावायची, पुन्हा हलवायची नाही.

सनमायकाची कड मारायला वापरतात तो छोटा ट्रिमर या कामाला पुरतो. हातात धरून एवढ्या अरुंद पट्टीवर तो चालवू नका, तोल जातो. १२ मिमी प्लायवूडला भोक पाडून ट्रिमर खालून उलटा स्क्रूनं बसवा आणि ते प्लायवूड टेबलाला घट्ट आवळा. ६ मिमीचं सरळ बिट (ट्रिमरचं फिरणारं पातं) ३ मिमी वर काढा. बिटाच्या पलीकडं, बिटाच्या मध्यापासून ७ मिमीवर गाईडपट्टी लावा. बिट बदलताना प्लग काढलेला असावा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. शिवणीचा भुसा बारीक उडतो.

पट्टी उजवीकडून डावीकडं सरकवा. बिट असं फिरतं की या दिशेनं लाकूड आपोआप गाईडला दाबलं जातं. उलट दिशेनं ढकललं तर ते हातातून ओढलं जातं. शेवटचा भाग बोटांनी नाही, दुसऱ्या लाकडानं ढकला. एक खाच झाली की पट्टीची टोकं अदलाबदल करून दुसरी. लांब पट्टीवर खाचा आधी पाडा, २१६ आणि १४४ मिमीचे तुकडे नंतर कापा.

जोडाला वेळ द्या. एका टोकाला, टोकापासून १२ मिमी आत, रुंदीच्या मध्यावर १३ मिमीचं आरपार भोक पाडा आणि टोकापासून भोकापर्यंत ७ मिमी रुंदीची चीर करवतीनं काढा. दुसऱ्या टोकाला मध्यभागी ६ मिमीचं भोक २० मिमी खोल. त्यात ६ मिमीची गोल काडी फेविकॉलनं बसवायची आणि तिच्या पुढच्या टोकावर १२ मिमी गोल काठीचं बोंड. काठीला आडवं भोक आधी पाडा, ११ मिमी उंचीचा तुकडा नंतर कापा, नाहीतर तो फुटतो. बोंडाचा मध्य रुळाच्या टोकापासून १२ मिमीवर यावा. भोक आणि बोंड यांतला हा एक मिमीचा सैलपणा मुद्दाम आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाची हवा लाकडात शिरली की जोड आवळतो. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर प्रत्येक बोंड ओढून बघा. सुटलं तर थेट तोंडात जातं.

वळणासाठी ट्रिमर टेबलाखालून काढा आणि प्लायवूडच्या लांब पट्टीवर बसवून तिचा कंपास करा. मधली त्रिज्या मी १९० मिमी धरली. २२० बाय १०० मिमीचा तुकडा पाटावर स्क्रूनं आवळा, स्क्रू कोपऱ्यांत, कापाच्या वाटेबाहेर. कंपासाचा खिळा तेवढ्याच जाडीच्या ठोकळ्यावर, म्हणजे ट्रिमर तिरपा होत नाही. बिटाचा मध्य १७७ आणि २०३ मिमीवर ठेवून खाचा, मग २१३ आणि १६७ वर कडा. कडा एका दमात नको. तीन-तीन मिमी करत चार वेळा. दोन्ही टोकं खिळ्याच्या दिशेनं, त्यांच्यात ४५ अंशांचा कोन ठेवून कापली की आठ तुकड्यांत वर्तुळ पुरं होतं.

सगळ्या कडा १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून बोथट करा, खाचांची तोंडं थोडी जास्त, म्हणजे चाक पुढच्या तुकड्यावर न ठेचकाळता जातं. रंग नको. चटणीच्या जवसाचं कच्चं तेल पातळ लावून पुसून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात लवकर वाळावं म्हणून बहुधा धातूंचे क्षार असतात, ते खेळण्याला नको. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. आणि हे तेल मृगाच्या आधी लावा. पावसात ते किती दिवस चिकट राहील याचा नेम नाही.