आयईएलटीएसचं रायटिंग ६ वर अडकलेलं, ते असं सुटलं

परदेशी शिकायला जायचं म्हणून आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा दिली. बाकी सगळं मस्त, पण रायटिंगला ९ पैकी ६ आणि युनिव्हर्सिटीला प्रत्येक सेक्शनमध्ये किमान ६.५ हवे, म्हणजे ओव्हरऑल चांगला असूनही उपयोग शून्य. क्लासवाले म्हणे पूर्ण परीक्षा परत द्या, फी काय त्यांच्या खिशातून जाणारे का! मग कळलं, कॉम्प्युटरवर दिली असेल तर वन स्किल रीटेक मिळते, ६० दिवसांच्या आत एकच सेक्शन परत, तेही एकदाच. सगळीकडे चालत नाही, म्हणून आधी युनिव्हर्सिटीला मेल टाकून विचारलं. यावेळी टास्क २, म्हणजे निबंध, आधी लिहिला, त्याला दुप्पट वेटेज असतं ना, ४० मिनिटं त्यालाच, उरलेल्या २० मध्ये ग्राफवाला टास्क १. पाठ केलेली भारी वाक्यं उडवली, एका पॅरात एकच मुद्दा आणि धड उदाहरण. ७ आले, बाकीचे जुने स्कोअर तसेच ठेवून नवा रिपोर्ट मिळाला.