बेस अँप्लिफायरचा लिमिटर दुरुस्त करताना पर्यायी ऑप्टोकपलर कसा निवडावा

बेस गिटारच्या अँप्लिफायरमधील लिमिटरमध्ये, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणाऱ्या भागात, अनेकदा जो ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने सिग्नल नियंत्रित करणारा भाग) असतो, तो पॉवर सप्लायमध्ये आढळणाऱ्या चार किंवा सहा पायांच्या ऑप्टोकपलरहून अगदी निराळा असतो. त्याच्या काळ्या डबीत एका टोकाला एलईडी आणि त्याच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा एलडीआर (प्रकाशानुसार रेझिस्टन्स बदलणारा भाग) बसवलेला असतो; एलईडीमधून करंट जितका वाढेल तितका एलडीआरचा रेझिस्टन्स उतरतो आणि सिग्नल दबला जातो. एलडीआर दोन्ही दिशांना सारखाच वागत असल्यामुळे ध्वनीचा एसी सिग्नल त्यातून फारसा न बिघडता जातो. पॉवर सप्लायमधील पीसी८१७ किंवा ४एन३५ अशा ऑप्टोकपलरमधील फोटोट्रान्झिस्टर मात्र एकाच दिशेने नीट वाहतो, म्हणून ते सहज मिळत असले तरी एलडीआरच्या जागी चालत नाहीत. एच११एफ१ या फेट-आउटपुट (एलडीआरऐवजी फेट ट्रान्झिस्टर असलेल्या) ऑप्टोकपलरचे नावही अनेकदा सुचवले जाते. परंतु त्याच्यावर पडणारा सिग्नल काही दशक मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की विकृती वाढू लागते, आणि लिमिटरच्या टप्प्यावर बेसचा सिग्नल सहसा त्याहून कितीतरी मोठा असतो.

निवडीकडे वळण्यापूर्वी जुना भाग खरोखर खराब आहे का, हे तपासावे. आवाज सतत दबलेला राहत असेल, तर दोष बहुधा एलईडीला करंट पुरवणाऱ्या भागात, म्हणजे रेक्टिफायर, ऑप-अँप किंवा टायमिंग कपॅसिटरमध्ये असतो, आणि अशा वेळी नवा ऑप्टोकपलर घालून काहीच साधत नाही. अँप्लिफायर बंद करून, प्लग काढून आणि फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून ऑप्टोकपलर बोर्डवरून सोडवावा. ९ व्होल्टच्या बॅटरीला ६.८ किलोओहमचा रेझिस्टर जोडला की एलईडीमधून सुमारे १ मिलिअँपियर आणि ६८० ओहमचा जोडला की सुमारे १० मिलिअँपियर करंट जातो. दोन्ही वेळी एलडीआरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर नोंदवावा, मग बॅटरी काढून मीटरकडे लक्ष ठेवावे. आकडा आधी झपाट्याने काही किलोओहमपर्यंत चढतो आणि नंतर मेगाओहमकडे रेंगाळत जातो. हे रेंगाळणे किती वेळ चालते, तेही लिहून ठेवावे. जुना एलईडी मंद झाला असला तरी या नोंदींतून मूळ भागाच्या जातकुळीचा अंदाज येतो.

माझ्या मते लिमिटरसाठी सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे हा परतण्याचा वेळ, आणि नेमके त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एलईडी-एलडीआर ऑप्टोकपलरच्या व्हीटीएल५सी या मालिकेच्या डेटाशीटमध्ये एलईडी विझल्यापासून रेझिस्टन्स १०० किलोओहमवर परत येईपर्यंतचा कमाल वेळ दिलेला असतो: व्हीटीएल५सी१ आणि व्हीटीएल५सी३ यांच्यासाठी ३५ मिलिसेकंद, व्हीटीएल५सी२ साठी ५०० मिलिसेकंद आणि व्हीटीएल५सी४ साठी दीड सेकंद. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिचे एक आवर्तन सुमारे २४ मिलिसेकंदांचे असते. पाच तारांच्या बेसवर ते ३२ मिलिसेकंदांपर्यंत जाते. सर्किटमध्ये रिलीजचा, म्हणजे दबलेला आवाज पूर्ववत होण्याचा वेळ मोठ्या कपॅसिटरने ठरत असेल, तर ३५ मिलिसेकंदांचा वेगवान भाग उत्तम चालतो. परंतु क्लिपिंग (सिग्नलचे माथे कापले जाणे) ओळखून एलईडीला थेट ठोके देणाऱ्या, कपॅसिटर नसलेल्या किंवा अगदी लहान कपॅसिटर असलेल्या सर्किटमध्ये सरासरी काढण्याचे काम एलडीआरचा संथपणाच करत असतो. तेथे वेगवान भाग बसवला, तर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) प्रत्येक आवर्तनात वरखाली होतो आणि खालचे स्वर खरखरीत ऐकू येतात. म्हणून आधी सर्किट डायग्राममध्ये रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर आणि त्याला रिकामा करणारा रेझिस्टर शोधावा. त्यांच्या किमतींचा गुणाकार केला की रिलीज कोण ठरवतो ते कळते.

रेझिस्टन्सचे आकडेही सर्किटच्या संदर्भातच वाचावे लागतात. १० किलोओहमच्या सीरीज रेझिस्टरनंतर एलडीआर ग्राउंडकडे जोडलेला असेल, तर ५ किलोओहमला सुमारे ९.५ डेसिबल आणि ५०० ओहमला सुमारे २६ डेसिबल घट मिळते. तोच एलडीआर १०० किलोओहमवर परतला की घट जेमतेम ०.८ डेसिबल उरते, म्हणजे अशा सर्किटमध्ये डेटाशीटचा १०० किलोओहमचा टप्पा कामापुरता पुरेसा असतो. व्हॉल्व्हच्या टप्प्यात सीरीज रेझिस्टर ४७० किलोओहमचा असेल तर चित्र पालटते: १०० किलोओहमवरही तेथे १५ डेसिबल घट शिल्लक असते, आणि अंधारातील रेझिस्टन्स १ मेगाओहम असलेला भाग लावल्यास लिमिटर स्वस्थ असतानाही आवाज ३ डेसिबलहून अधिक खाली राहतो. तेथे अंधारात १० मेगाओहम किंवा त्याहून अधिक रेझिस्टन्स असलेलाच भाग घ्यावा आणि एलडीआरची कमाल व्होल्टेज मर्यादाही पाहावी.

कॅडमियममुळे हे भाग मिळणे अवघड झाले आहे. युरोपीय संघाच्या आरओएचएस (इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील घातक पदार्थांवरच्या) नियमांत कॅडमियमवर ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे, आणि व्यावसायिक ध्वनिउपकरणांतील अशा ऑप्टोकपलरना मिळालेली सूट २०१३ च्या अखेरीस संपली. व्हीटीएल मालिका न मिळाल्यास एनएसएल-३२ या कुटुंबाकडे पाहावे. मात्र साधा एनएसएल-३२ आणि एनएसएल-३२एसआर३ हे एकमेकांचे पर्याय नव्हेत, कारण दुसऱ्याचा प्रकाशातील रेझिस्टन्स बराच कमी असतो. नावाच्या शेवटी ‘/२’ असलेल्या व्हीटीएल भागांत एलडीआरला मधला तिसरा पाय असतो, तोही डायग्रामशी ताडून पाहावा.

काहीच मिळाले नाही तर एलईडी आणि एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या हीट-श्रिंक नळीत बंद करता येतात, आणि काळजीपूर्वक केल्यास हा जोड चांगले काम देतो. कॅडमियम सल्फाइड हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, त्यामुळे तसाच एलईडी घ्यावा. परंतु आजचे प्रखर हिरवे एलईडी सुमारे ३ व्होल्टला पेटतात, तर जुन्या ऑप्टोकपलरमधील एलईडी २ व्होल्टच्या आसपास. हा एका व्होल्टचा फरक लिमिटर सुरू होण्याची पातळी वर ढकलतो, म्हणून जुन्या पद्धतीचा, २ व्होल्टच्या जवळपास पेटणारा हिरवा किंवा पिवळा एलईडी श्रेयस्कर. नळीचे दोन थर द्यावेत आणि टोके अपारदर्शक गोंदाने बंद करावीत.

सोल्डरिंग करताना एलडीआरच्या पायांवर चिमटा धरून उष्णता शोषून घ्यावी, कारण हे भाग ७५ अंश सेल्सिअसच्या वर सुरक्षित राहत नाहीत. एलईडीचे टोक आणि ध्रुवता मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर निश्चित करावी. एलडीआर कसाही बसवला तरी चालतो. शेवटी स्पीकरऐवजी योग्य वॅटेजचा डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा मोठा रेझिस्टर) जोडून ४१ हर्ट्झची साइन लहर द्यावी, सिग्नल लिमिटरच्या पातळीपेक्षा १० डेसिबल वर न्यावा आणि स्कोपवर लहरीचा आकार पाहावा. माथे वाकडे दिसले तर भाग जास्त वेगवान आहे. सिग्नल एकदम खाली आणल्यावर आवाज परतायला दोन-तीन सेकंद लागले तर तो जास्त संथ आहे. आकार आणि परतणे दोन्ही ठीक असतील, तर लिमिटरच्या पातळीचा प्रीसेट (बोर्डवरील लहान फिरता रेझिस्टर) मूळ मूल्यावर आणावा आणि हीच चाचणी अँप्लिफायर गरम झाल्यावर पुन्हा घ्यावी.