दुसऱ्या वर्षाचे विषय निवडताना: आधी मायनर, मग बाकी सगळं

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि दर जूनला विषयनिवडीच्या टेबलावर असते. समोर येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "मॅडम, यातलं स्कोअरिंग काय?" प्रश्न गैर नाही. पण तो सगळ्या विषयांना सरसकट लावला की घोटाळा होतो. फॉर्मवर एकाखाली एक छापलेले ते रकाने सारख्या वजनाचे नसतात. त्यातला एक विषय डिग्री होईपर्यंत तुमच्यासोबत राहणार असतो, बाकीचे बरेचसे दिवाळीच्या आगेमागे संपतात. आता सेमिस्टर तीनमध्ये जाणाऱ्यांनी डोकं कुठे लावायचं आणि कुठे फार ताणायचं नाही, ते मी इथे लिहिते आहे.

आधी हिशेब समजून घ्या. नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. एका सेमिस्टरला साधारण 22 क्रेडिट, तीन वर्षांत 120 ते 132. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे 30 तास. ही एवढी ओळ वहीत लिहून ठेवा. दोन क्रेडिटचा थिअरी पेपर आठवड्याला दोन तास मागतो आणि दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार. मार्कशीटवर दोन्ही सारखेच दिसतात, तुमच्या आठवड्यात मात्र सारखे नसतात.

मेजर, म्हणजे मुख्य विषय, बहुतेकांचा ठरलेला असतो, त्यावर मी वेळ घेत नाही. खरा निर्णय मायनरचा, म्हणजे मेजरच्या जोडीला घ्यायच्या दुय्यम विषयाचा. मायनरचे मिळून साधारण 18 ते 20 क्रेडिट होतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो विषय चालतो. पहिल्या वर्षी ज्याला हात लावला नाही, तो विषय दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मध्येच बदलायचा म्हटलं तर मागचे पेपर भरून काढावे लागतात. म्हणून मायनर पुढून मागे मोजत ठरवायचा: डिग्रीनंतर काय करायचं आहे, त्याला काय लागतं, आणि ते माझ्या कॉलेजात कोण शिकवतं.

माझ्या विषयाचंच उदाहरण देते. अर्थशास्त्रात एम.ए. करायचं असेल, तेही चांगल्या संस्थेत, तर गणित किंवा संख्याशास्त्राचा मायनर घ्या. आयआयटीच्या 'जॅम' या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात गणित, संख्याशास्त्र यांचे वेगळे भाग आहेत. बी.ए.ची मुलं गणित म्हटलं की दचकतात, हे मला माहीत आहे. पण लागतं तेवढं गणित अकरावी-बारावीच्या कलनापासून फार लांब नाही. दुसऱ्या वर्षी शिक्षक समोर असताना ते शिकणं आणि डिग्रीनंतर एकटीनं क्लास लावून शिकणं, यात पहिलं कितीतरी सोपं आणि स्वस्त.

शिक्षक व्हायचं असेल तर वेगळा विचार करा. कळव्याची एक विद्यार्थिनी माझ्यापुढे फॉर्म घेऊन बसली होती. मेजर समाजशास्त्र, मायनरला मानसशास्त्र लिहिलेलं. विचारलं, पुढे काय करायचंय? म्हणाली, "बी.एड. करायचंय मॅडम, हायस्कूलला शिकवायचंय." मग मी तिला शाळेचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. तिथे मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल असे तास असतात. बी.एड.ला अध्यापन पद्धतीचे विषय ठरतात ते डिग्रीला तुम्ही काय शिकलात त्यावरून. समाजशास्त्र, मानसशास्त्र हे दोन्ही उत्तम विषय, पण दोन्ही शाळेच्या त्या यादीत नाहीत. पहिल्या वर्षी तिचा इतिहास होताच, तो तिनं मायनरला घेतला. मानसशास्त्राचा एखादा पेपर बी.एड.मध्ये तसाही वाट्याला येतो.

स्पर्धा परीक्षेचा विचार असणाऱ्यांसाठी आता मायनरला नवा अर्थ आला आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि तिच्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. मेजर किंवा मायनरपैकी एखादा विषय वैकल्पिक म्हणून घेता येण्यासारखा असेल, तर तीन वर्षांचा अभ्यास तिथे थेट कामाला येतो. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, लोकप्रशासन यांपैकी काही कॉलेजात असेल तर त्याची चौकशी आधी करा. परीक्षेला कुठलीही पदवी चालते हे खरं, पण पानंच्या पानं सलग मराठीत लिहायची सवय एका उन्हाळ्यात होत नाही.

एमबीए करणार असाल तर मायनरचा ताण घेऊ नका. राज्याच्या सीईटीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला 50 टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना 45 टक्के लागतात. तिथे आवडेल तो विषय घ्या आणि मनापासून शिका.

सीए करणाऱ्या कॉमर्सच्या मुलांना मी सांगते की कॅलेंडर समोर ठेवा. फाउंडेशन आणि इंटर आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीनदा होतात. सप्टेंबरचा अटेम्प्ट दिला की लगेच आपली ऑक्टोबर-नोव्हेंबरची सेमिस्टर परीक्षा उभी राहते. अशा वेळी चार-चार असाइनमेंट आणि प्रोजेक्ट मागणारा मायनर घेऊन स्वतःला पिळून काढण्यात अर्थ नाही. अकाउंटन्सी मेजर असेल तर कायदा किंवा अर्थशास्त्र घ्या, सीएच्या अभ्यासक्रमात दोन्ही आहेत. एकाच अभ्यासातून दोन परीक्षा निघतात.

सायन्सची मुलं मात्र हल्ली मेजर कुठलाही असो, मायनरला संगणकच मागतात. मला याची काळजी वाटते. ऐरोली-महापेच्या कंपन्या रोज लोकलमधून दिसतात, त्यामुळे ओढ समजते. पण वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर असलेल्या मुलांनी एकदा खाडीकडेही बघावं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली घोषित झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. पर्यावरणशास्त्र किंवा भूगोलाचा मायनर आणि सोबत जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळण्याचा, कौशल्य पेपर, ही जोडी घेतली तर फील्ड प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरावं लागत नाही. खारफुटी आपल्या दाराशी आहे. रसायनशास्त्रवाल्यांना टीटीसीचा औद्योगिक पट्टा दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेला आहे, तिथल्या प्रयोगशाळांमध्ये कुठली उपकरणं वापरतात हे सीनियरांना विचारून मग व्होकेशनल पेपर निवडा.

ओपन इलेक्टिव्ह दोन किंवा चार क्रेडिटचा असतो आणि तो आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. स्कोअरिंगचा प्रश्न इथे खुशाल विचारा. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के किंवा त्या तोडीचा सीजीपीए लागतो, तेव्हा सरासरी सांभाळणं हे शहाणपणाचंच आहे. तरीही आर्ट्सच्या मुलींना मी दरवेळी प्राप्तिकर, बँकिंग, गुंतवणूक यांतलं काही घ्यायला सांगते. नोकरी लागल्यावर पगारातून कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे पहिला फॉर्म सोळा, हातात येतो तेव्हा तो घरात कुणालाच वाचता येत नाही, अशी घरं मी खूप पाहिली आहेत. आणि सायन्सवाल्यांना स्थानिक इतिहासाचा पेपर मिळत असेल तर सोडू नका. 1853 साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून इथेच आली, 1893 साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय इथेच आहे. प्रकल्पाला लागणारी पुस्तकं चालत जाऊन मिळतात.

भाषेच्या पेपरबद्दल माझं मत ठाम आहे. पर्याय असेल तर मराठी घ्या. घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा साधा विनंतीअर्ज लिहिताना अडतात. अहवाल, इतिवृत्त, भाषांतर, बातमी हे सगळं या पेपरात येतं आणि ते बँकेपासून महापालिकेपर्यंत कुठेही लागतं.

कौशल्याच्या पेपरांची नावं भारदस्त असतात, नावावर जाऊ नका. दोन गोष्टी विचारा: लॅबमध्ये किती मशीन चालू आहेत, आणि परीक्षा लेखी आहे की करून दाखवायची आहे. पायथन किंवा क्यूजीआयएस घ्यायचं की नाही अशी दुविधा असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतही आहेत. दोन-तीन बघा. त्यात मन रमलं नाही तर त्या पेपरातही रमणार नाही.

आता टाइमटेबल. इथे माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे, कारण आमची अर्धी मुलं लांबून येतात. बदलापूर, टिटवाळा, दिवा इथून ठाण्याला, ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं वाशी, नेरूळला. मायनर ठरला की बाकीचे पेपर टाइमटेबलप्रमाणे निवडा, यात काही कमीपणा नाही. सकाळी सातच्या तासाला पोहोचायला बदलापूरच्या मुलीला पाचच्या आधी उठावं लागतं. तिनं सलग चार दिवस सातचा तास आणि दुपारी चारनंतर प्रॅक्टिकल असं वेळापत्रक घेतलं तर ऑगस्टपर्यंत ती थकते, गैरहजेरी वाढते आणि 75 टक्के हजेरीचं पत्र घरी जातं. दोन तासांच्या मध्ये तीन तासांची पोकळी राहते का तेही पाहा. लायब्ररीत बसणार असाल तर ती पोकळी उपयोगाची, नाहीतर सगळी तलावपाळीवर जाते. रविवारी ठेवलेले सर्टिफिकेट कोर्स घेण्याआधी मेगाब्लॉक आठवा. आणि अर्धवेळ नोकरी करणाऱ्यांनी मालकाकडून शिफ्ट लेखी समजून घेऊनच फॉर्म भरावा. नोकरी करत शिकणाऱ्या मुलांबद्दल मला फार आदर आहे, त्यांची हजेरी सांभाळण्यासाठी शिक्षकही मदत करतात, पण ते आधी सांगावं लागतं, परीक्षेच्या तोंडावर नाही.

एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, सहशैक्षणिक क्रेडिटसाठी तो चांगला मार्ग आहे. शिबिर बहुधा हिवाळ्यात येतं, त्या आठवड्यात नोकरीवर सुट्टी मिळेल का ते बघा. ऑन जॉब ट्रेनिंग पुढे तिसऱ्या वर्षात येईल, चार क्रेडिटचं असेल तर 120 तास धरा. वागळे इस्टेट, नौपाड्यातली सीए ऑफिसं, वाशीचं एपीएमसी, उरणच्या बंदरावर काम करणारे क्लिअरिंग एजंट, यांपैकी कुठे जायला आवडेल याचा विचार आत्ताच मनात असू द्या.

कॉलेजात हवा तो विषयच नसेल तर केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'स्वयम' आहे. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. पण आपल्या कॉलेजाची आणि विभागाची मान्यता नोंदणीच्या आधी घ्या. मान्यता नसेल तर परीक्षा दिली, पास झालात, तरी ते क्रेडिट मार्कशीटवर येईलच असं नाही. सत्र जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात.

फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी विद्यापीठाच्या किंवा कॉलेजाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. सगळा वाचायची गरज नाही. घटकांची नावं, अंतर्गत आणि बाह्य गुणांची विभागणी आणि संदर्भपुस्तकं एवढं पाहा. दोन क्रेडिटचा पेपर बहुधा 50 गुणांचा असतो, त्यातले अंतर्गत कशावर मिळतात, चाचणीवर की प्रकल्पावर, हे कळलं की वर्षाचा अंदाज येतो. पसंतिक्रम मागत असतील तर तिन्ही रकाने मनापासून भरा, कारण जागा मर्यादित असतात आणि तिसरी पसंतीही पदरात पडू शकते. भरलेल्या फॉर्मची पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठवा. क्रेडिट बँकेतलं, म्हणजे एबीसी किंवा अपार आयडीवरचं नाव आधार आणि मार्कशीटवरच्या नावाशी जुळतं का ते डिजिलॉकरमध्ये तपासा. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग यात फरक असेल तर पहिल्या वर्षाचे क्रेडिट दिसत नाहीत, आणि ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

आईवडिलांनी फॉर्मवर सही करण्याआधी मुलाला एवढंच विचारावं: हा मायनर का घेतलास? उत्तरात मित्राचं नाव आलं तर सही एक दिवस लांबवा.

तास सुरू झाले की पहिल्या आठवड्यात एकही लेक्चर बुडवू नका, विशेषतः मायनरचं. वर्गात बसल्यावर मन खात्रीनं नाही म्हणत असेल तर बदल करता येतो, पण बहुतेक कॉलेजं त्यासाठी सुरुवातीचे थोडेच दिवस देतात. तोंडी सांगून वर्ग बदलू नका, नाहीतर हजेरी एका वर्गात आणि हॉल तिकिटावर दुसराच विषय अशी गत होते. लेखी अर्ज करा, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्या, ऑफिसच्या खिडकीत द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.